आत कोणी राहिलंय का?

गिरणीवाल्याच्या दारात सकाळी सकाळीच जुंपली होती. एका बाजूला गिरणीवाला, अंगभर पीठ, नुसते डोळे काय ते काळे. दुसऱ्या बाजूला बंबवाली, हातात वही, कानावर खडू. मधे भिंतीवर एक जुना स्विच, त्यातून बाहेर आलेल्या तीन वायरी आणि त्यांना गुंडाळलेली चिंधी.

“ही चिंधी काढा,” बंबवाली म्हणाली.

“चिंधी काढली तर शॉक बसतो.”

“म्हणूनच म्हणते, वायर बदला. पिठाची धूळ उडते इथं. एक ठिणगी पडली तर धूळच पेटते, गिरणी राहायची नाही.”

“बावीस वर्षं दळतोय मी. पिठानं पोट भरतं वहिनी, पेटत नाही ते. तुम्हाला शहरातल्या लोकांनी काहीतरी भरवून पाठवलंय.”

“मग मला तुमच्या दारावर खूण करता येणार नाही. तुमच्या एका चिंधीपायी गावाला मिळणारा आगीचा पंप जाईल.”

पंपाचं नाव निघालं तशी दळणाला आलेल्या बायका कुजबुजल्या. गिरणीवाल्याला ते झोंबलं. त्याचा आवाज मुळातच गिरणीच्या वर चढायला शिकलेला, तो आणखी चढला. “एवढं आहे तर यादी वाचा ना पुरती! सातवा मुद्दा वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू दे!”

बायकांतल्या एकीने उगीचच आपला डबा उघडून आत बघितलं. गिरणीवाल्याला स्वतःलाच कळलं की जीभ जरा जास्तच सैल सुटली. त्याने मान खाली घालून चिंधीची गाठ सोडायला घेतली. “उद्या बदलतो वायर,” तो पुटपुटला. बंबवाली बाहेर पडली, पण तिचे कान तापले होते.

सातवा मुद्दा असा होता: घरात माणूस असताना दाराला बाहेरून कुलूप लावू नये. आणि बंबवालीच्या घराला त्याही क्षणी बाहेरून कुलूप होतं, आत तिची सासू होती, आणि हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

आता ही बंबवाली म्हणजे काही खरीखुरी बंबावरची बाई नव्हे. गावाबाहेर बियाण्याची शेड आहे, तिथे ती बी निवडायला जायची. गेल्या उन्हाळ्यात खळ्यावर आग लागली आणि चाऱ्याच्या अकरा गंज्या जळाल्या. बंब शहरातून यायला सव्वा तास लागला. तो आला तेव्हा विझवायला राख तेवढी उरली होती. त्यानंतर अग्निशमन दलाचा एक जमादार गावात आला. त्याने सगळ्यांना पारावर जमवलं, दहा मुद्द्यांची यादी असलेला एक कागद पुढे केला आणि विचारलं, “कोण वाचून दाखवतं?” सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. हिने वाचून दाखवला. वाचला म्हणून शहाणी ठरली, आणि शहाणी ठरली म्हणून शेडवरचं काम सांभाळून हेही काम तिच्या गळ्यात पडलं. शहरात दोन दिवस शिकवून तिला परत पाठवलं, बरोबर एक लाल जाकीट, एक शिट्टी आणि वही. गावाने त्याच दिवशी तिचं जुनं नाव टाकून दिलं.

सुरुवातीला लोक हसले. मग हळूहळू चुलीमागचं सरपण अंगणात आलं. गंज्या घरापासून लांब गेल्या. सुताराने भुशाची पोती दुकानाबाहेर काढली. ती घरोघर जाऊन धुरात कसं सरपटायचं, तोंडाला ओलं फडकं कसं धरायचं, ते करून दाखवायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना जमिनीवर आडवं पाडायची. तिला हे काम मनापासून आवडायला लागलं होतं. बी निवडताना कोणी तिला काही विचारत नसे. इथे लोक तिचं ऐकत होते.

फक्त सातवा मुद्दा आला की ती भरभर वाचायची आणि ऐकणारेही भरभर मान हलवायचे.

कारण कुलूप काय तिच्या एकटीच्याच घराला नव्हतं. सुताराचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला, सुतार कामाला गेला की दाराला कुलूप. कालव्याकडच्या विधवेची दोन लेकरं, ती खुरपायला गेली की कुलूप. माणसं कामाला जाणार, घरात एकटं मोकळं सोडता न येणारं कोणीतरी असणार, मग करायचं काय? कुलूप हा त्यावरचा सगळ्यात साधा उपाय होता.

बंबवालीची सासू एके काळी मोठी नामांकित बाई. मातीच्या चुली घालाव्यात तर तिनेच. तिच्या चुलीतला धूर वर जायचा, माणसाच्या डोळ्यात नाही. सुनेला मात्र तिने पहिली दहा वर्षं डोळ्यातून पाणीच काढायला लावलं. आता दोन वर्षांपासून म्हातारीच्या डोक्यातलं एकेक निघून चाललं होतं. आधी मीठ घातलं की नाही ते गेलं, मग मुलाचं नाव गेलं, मग घराची वाट गेली. मुलगा कापणीच्या यंत्रावर, वर्षातले आठ महिने परमुलखात. फोनवर म्हणायचा, “आईला सांभाळ.” सांभाळायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते काही सांगत नसे.

आधी कुलपाची दुसरी किल्ली समोरच्या दुकानवाल्या काकूंकडे असायची. काकू म्हणजे तोंडाने फटकळ, पण आतून लोण्याचा गोळा. एक दिवस म्हातारी खिडकीशी रडायला लागली, काकूंना राहवलं नाही, त्यांनी दार उघडून दिलं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. अर्ध्या तासाने म्हातारी दगडाच्या खाणीच्या अगदी काठावर सापडली, खाली तीन पुरुष खोल पाणी. सापडली तेव्हा ती चुलीसाठी माती बघत होती. त्या दिवशी बंबवालीने किल्ली परत मागितली, काकूंनी ती तिच्या पुढ्यात फेकली, आणि त्यानंतर दोघींत कामापुरतं बोलणं उरलं.

तेव्हापासून रोज सकाळी तीच गत. आत ठेवावं तर आगीची भीती, बाहेर सोडावं तर पाण्याची. बंबवाली काडेपेटी आपल्याबरोबर घ्यायची, गॅस खालून बंद करायची, दाराला कुलूप घालायची आणि मग लाल जाकीट घालून दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला निघायची. आपली आपल्यालाच लाज वाटायची तिला, पण लाज वाटली म्हणून काम थांबत नाही.

त्यात हा पंप निघाला. जमादार मागच्या महिन्यात येऊन सांगून गेला होता, की दलाकडे चाकांवरचा एक पंप आलाय, दोनशे हात पाइपासकट. तो एकतर या गावात राहील, नाहीतर कालव्यापलीकडच्या. गावाची परीक्षा होईल. आठवडा सांगतो, दिवस सांगणार नाही. भोंगा वाजला की सगळ्यांनी शाळेच्या मैदानात यायचं आणि आठ मिनिटांत घरवार हजेरी पुरी व्हायला हवी.

“आणि ताई,” तो बंबवालीला म्हणाला होता, “भोंगा झाला की तुम्ही घरी जायचं नाही. वही घेऊन थेट मैदानात. तुम्ही नसाल तर हजेरी नाही, हजेरी नाही तर परीक्षा नाही.”

“घरी का नाही जायचं?”

“कारण प्रत्येकजण आधी आपल्या घरी पळतो, म्हणून माणसं मरतात.”

तिने ते वहीत लिहून घेतलं.

तो आठवडा लागला. सोमवारी तिने सासूला हाताला धरून शेडवर नेलं. म्हातारी तासभर छान बसली, मग तिने निवडलेलं आणि न निवडलेलं बी एकत्र केलं, आणि ती चुलीची माती म्हणून कालवायला पाणी मागायला लागली. मुकादमाने हात जोडले.

“बाई, ही शेड आहे, पाळणाघर नाही. उद्या एकटी ये.”

मंगळवारी ती घरी बसली. बुधवारीही बसली. भोंगा काही वाजला नाही. बुधवारी संध्याकाळी मुकादमाचा निरोप आला, उद्या आली नाहीस तर तुझ्या जागेवर दुसरी बसेल. गुरुवारी सकाळी तिने जाकीट चढवलं, वही आणि काडेपेटी घेतली, गॅस बंद केला, सासूपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“कुठं चाललीस?” म्हातारीने विचारलं.

“इथंच. लगेच येते.”

“दार लावून घेऊ का?”

“मी लावते बाहेरून.”

“बरं,” म्हातारी म्हणाली. ती शहाण्यासारखी ‘बरं’ म्हणाली की सुनेला जास्त त्रास व्हायचा.

अकराच्या सुमाराला भोंगा वाजला.

शेडमधल्या बायका बियाणं टाकून उठल्या. हसत, ओरडत, पदर खोचत पळाल्या, जत्राच जणू. बंबवाली फाटकाशी आली आणि क्षणभर थांबली. डावीकडे मैदान, उजवीकडे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला तिचं घर. किल्ली कमरेच्या पिशवीत. घरी जाऊन, कुलूप काढून, म्हातारीला चपला शोधून देऊन, तिच्या पावलाने चालवत आणायचं म्हणजे वीस मिनिटं. मग ती डावीकडे पळाली.

मैदानात गाव लोटलं होतं. लाल बंब उभा, शेजारी तो पंप, नवाकोरा, पितळेची तोंडं चकाकत असलेला. लोक त्याच्याकडे बघत होते, तो आधीच आपला झाल्यासारखे. जमादार हातातल्या घड्याळावर नजर ठेवून होता. त्याचा एक कान भाजून आक्रसलेला होता, म्हणून टोपी नेहमी तिरकी.

“करा सुरू,” तो म्हणाला.

ती बंबाच्या शिडीच्या पायरीवर चढली आणि वही उघडली. “एक नंबर. माणसं पाच.”

“पाच!”

“दोन नंबर. माणसं तीन.”

“तीन आहोत!”

हजेरीची गाडी भरधाव निघाली. गिरणीवाला तर आपल्या नंबरला असा ओरडला, की पलीकडच्या गावाने हजेरी द्यावी. वीस झाले, पंचवीस झाले. एकोणतीस, तीस. पुढचं घर तिचं होतं.

“एकतीस नंबर,” ती म्हणाली. “माणसं दोन.”

उत्तर तिनेच द्यायचं होतं. तिचं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. सगळ्यांना माहीत होतं, एका जमादाराला सोडून. आणि तेवढ्यात गर्दीच्या मागून दुकानवाल्या काकूंचा आवाज आला, खणखणीत.

“आहेत हो, आहेत! माझ्याच मागं बसल्यात मावशी, सावलीला. लिही तू दोन!”

काकूंच्या पुढची माणसं कोणी न सांगता एकमेकांना चिकटून उभी राहिली. बघायचंच म्हटलं तरी मागचं काही दिसू नये अशी भिंत झाली. जमादाराने तिकडे एकदा बघितलं आणि पुन्हा घड्याळाकडे. बंबवालीने दोन लिहिले. तिला हायसं वाटलं, खरं सांगायचं तर फार हायसं वाटलं. काकू सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या बाजूने बोलल्या होत्या.

पुढे चौतीस आलं, सुताराचं घर. माणसं चार. “चार!” सुतार म्हणाला आणि जमिनीकडे बघायला लागला. त्याची बायको आणि मुलगी शेजारी उभ्या होत्या. चौथा अंथरुणावर होता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने चार लिहिले. एकेचाळीस, कालव्याकडची विधवा. “तीन,” ती बाई अगदी हळू म्हणाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोणीच नव्हतं. तिने तीन लिहिले. नुसती वहीत बसलेली किती माणसं आपण मैदानात आणली, याचा हिशेब तिचं मन आपोआप करत होतं. पण थांबायचं कसं? आपलं एक खोटं लिहून झाल्यावर दुसऱ्याचं कोणत्या तोंडाने खोडायचं?

“सेहेचाळीस. माणसं दोन.”

“दोन!”

“झालं,” ती म्हणाली.

जमादाराने घड्याळ दाबलं. “सात मिनिटं चाळीस सेकंद.”

मैदानात टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. गिरणीवाल्याने जाऊन पंपाच्या चाकावर थाप मारली. जमादाराने हात वर केला.

“थांबा, थांबा. अजून एक राहिलं. ताई, इकडे या.” तो तिच्यासमोर उभा राहिला. आता त्याचा आवाज लोकांसाठी नव्हता, तिच्यासाठी होता. “खऱ्या आगीत बंब आला की आमचा माणूस आधी तुम्हाला शोधतो. लाल जाकीट बघून येतो आणि एकच प्रश्न विचारतो. आत कोणी राहिलंय का? तुम्ही ‘नाही’ म्हणालात की आम्ही आत शिरत नाही. माझी पोरं पेटत्या घरात उगाच घालणार नाही मी. बाहेरून पाणी मारणार, छप्पर पाडणार. समजलं? तुमच्या एका शब्दावर. म्हणून तो शब्द आज तुमच्या तोंडून ऐकायचाय मला.” त्याने खिशातून कागद काढला, त्यावर सही करायची जागा होती. “सांगा. आत कोणी राहिलंय का?”

एक ‘नाही’ तर म्हणायचं होतं. पंप समोर होता, गाव मागे होतं. काकूंनी तिच्यासाठी गावादेखत खोटं बोलून ठेवलं होतं. ‘नाही’ म्हटलं की सगळे सुखाने घरी जाणार होते. आणि तिला दिसत होतं ते भलतंच. जाकीट घातलेली आपण, समोर पेटलेलं आपलंच घर, आणि आपण मान हलवून सांगतोय, नाही, पाडा छप्पर.

“आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“आत आहे. माझी सासू. एकतीस नंबर. दाराला बाहेरून कुलूप आहे, आणि किल्ली ही माझ्याकडे.”

मागे कोणीतरी “अरे देवा” म्हणालं. काकू ओरडल्या, “अगं ए, डोकं फिरलं का तुझं?” जमादाराचा चेहरा बदलला नाही. त्याने हातातलं घड्याळ पुन्हा सुरू केलं.

“आणखी कोण?”

सुतार पुढे आला. “माझा भाऊ.” कालव्याकडची ती बाई तर कधीच पळत सुटली होती.

“मग उभे काय राहिलात?” जमादार ओरडला. “आणा त्यांना! परीक्षा संपलेली नाही अजून!”

गाव फुटल्यासारखं तीन दिशांना धावलं. बंबवाली पुढे, मागे जमादार, त्याच्या मागे धापा टाकत काकू आणि अर्धी गल्ली. ती दारापाशी पोचली. किल्ली कुलपात जाईना, दोनदा हातातून पडली. एकदाचं कुलूप निघालं, पण दार उघडेना. आतून काहीतरी अडलं होतं.

“आई!” तिने हाक मारली. आतून आवाज नाही. “आई, दार सोडा!”

जमादाराने खांदा लावून दार हळूहळू रेटलं. फटीतून आधी ओलं फडकं दिसलं, दाराच्या खाली नीट कोंबलेलं. मग हात दिसला. म्हातारी उंबऱ्याला लागून पालथी पडली होती, नाक जमिनीला, तोंडावर दुसरं ओलं फडकं घट्ट धरलेलं. तांब्या रिकामा होऊन शेजारी पडला होता. काकूंनी किंकाळी फोडली.

म्हातारीने मान वर केली आणि सुनेकडे रागाने बघितलं.

“दाराला आधी उलटा हात लावून बघितलास का? तापलंय का ते?”

बंबवालीने आपल्या तळहाताकडे बघितलं.

“बघायचं असतं,” म्हातारी म्हणाली. “एवढं सांगून कळत नाही.”

रोज संध्याकाळी सून भांडी घासता घासता आपलं भाषण पाठ करायची, घरोघर सांगायचं ते. ऐकायला घरात दुसरं कोणी नसायचं. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली असायची. ती ऐकतेय असं सुनेला कधी वाटलंच नव्हतं. मुलाचं नाव ज्या डोक्यात उरलं नाही, त्या डोक्यात यादीतला शब्द न् शब्द जाऊन बसला होता. भोंगा ऐकून म्हातारीने सगळं बरोबर केलं होतं. फक्त शेवटचं, बाहेर पडायचं, तेवढं तिच्या हातात नव्हतं.

“मी खिडकीशी हाका मारल्या,” ती म्हणाली. आता तिचा आवाज लहान झाला. “तू म्हणतेस ना, हाका मारायच्या, कोणीतरी येतंच. पुष्कळ मारल्या. दारही वाजवलं.” तिने तळहात पुढे केले. लालभडक झाले होते, एका बोटाचं नख फुटलं होतं.

बंबवाली खाली बसली, ते हात तिने आपल्या मांडीवर घेतले आणि गल्लीदेखत हमसून हमसून रडली. म्हातारीने थोडा वेळ बघितलं आणि हातातलं ओलं फडकं तिला दिलं.

“तोंडाला धर,” ती म्हणाली.

सगळे मैदानात आले तेव्हा घड्याळात एकोणतीस मिनिटं झाली होती. कालव्याकडच्या बाईची लेकरं तिच्या पदराला धरून होती. सुताराचा भाऊ ढकलगाडीवर होता आणि दोन वर्षांनी उघड्यावर आल्यामुळे ऊन लागून डोळे मिचकावत होता. जमादाराने कागदावर जे लिहायचं ते लिहिलं. पंप बंबाच्या मागे जोडला गेला आणि कालव्यापलीकडे जायला निघाला. लोक बाजूला झाले.

बंबवालीने जाकीट काढून जमादारापुढे धरलं. “दुसऱ्या कोणाला तरी द्या. मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही.”

त्याने जाकीट घेतलं नाही. “मी एका घराचं छप्पर पाडलं होतं,” तो म्हणाला. “हजेरीवाल्याने ‘नाही’ सांगितलं होतं, सही करून. आत दोघं होते.” त्याने टोपी सरळ केली, ती पुन्हा तिरकी झाली. “ताई, जाकीट ठेवा.”

“ठेवते. पण उद्या सकाळी मी काय करू ते सांगा. तुमच्या यादीत दहा मुद्दे आहेत. कुलूप लावू नये, हा एक. मग काय करावं, हा कितवा?”

“तो यादीत नाही,” जमादार खरं तेच म्हणाला, आणि बंबात चढला.

त्या दिवशी गावाने तिला काय काय म्हटलं, ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. गिरणीवाला म्हणाला, माझी वायर बदलायला लावली आणि स्वतःच गाव बुडवलं. शेडमधल्या बायका म्हणाल्या, एवढा खरेपणा होता तर आधी कुठे गेला होता? यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते जास्त लागत होतं. काकूंनी तर दुकानाचं दार तिच्या तोंडावर आपटलं. त्यांना पंपापेक्षाही दुसरं लागलं होतं. आपण हिच्यासाठी जीभ विटाळली, आणि हिने आपल्यालाच सगळ्यांसमोर खोटं पाडलं.

शुक्रवार उजाडला. बंबवालीने काडेपेटी घेतली, गॅस बंद केला. मग कुलूप हातात घेऊन ती दारात उभी राहिली. आत म्हातारी, हातांना हळद लावून बसलेली. शेडची वेळ होत आली होती. कुलूप लावता येत नव्हतं, आणि न लावता जाता येत नव्हतं. जाकीट होतं, वही होती, शिट्टी होती, आणि त्या क्षणी तिच्याइतकी अडकलेली बाई गावात दुसरी नव्हती. ती उंबऱ्यावर बसून राहिली. मुकादमाने जागा दुसरीला दिली तर दिली.

समोर दुकानाची फळी वाजली. काकू बाहेर आल्या. रस्ता ओलांडून सरळ तिच्या दारात. तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. तिला ओलांडून आत गेल्या आणि म्हातारीपुढे उभ्या राहिल्या.

“चला मावशी. दुकानात शेंगा निवडायच्यात.”

“काकू,” बंबवाली म्हणाली.

काकूंनी म्हातारीला उठवलं, चपला घालून दिल्या. मग म्हातारीलाच म्हणाल्या, पण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, “मावशी, तुमच्या सुनेला सांगा, संध्याकाळी सहाला येऊन घेऊन जा म्हणावं. आणि हेही सांगा, गावाला पंप मिळेपर्यंत मी तिच्याशी बोलणार नाही. सुताराचा भाऊ पण येतोय दुकानात, ढकलगाडीवर. मला काही अडचण नाही. पण हिच्याशी बोलणार नाही.”

म्हातारीने मान हलवली. दोन पावलं चालून ती थांबली आणि वळून सुनेकडे आली. चेहरा अगदी गंभीर, जबाबदारीचं काम अंगावर आल्यासारखा.

“अगं, ह्या बाईंनी तुला काहीतरी सांगायला सांगितलंय,” ती म्हणाली.

“काय?”

म्हातारीने खूप आठवून बघितलं. “राहिलं बाई,” ती म्हणाली. “काहीतरी चांगलंच होतं.”

काकूंनी तोंड फिरवलं. बंबवालीने कुलूप आत खिळ्याला अडकवलं, दार नुसतंच ओढून घेतलं आणि ती कामाला निघाली.